निर्धन रुग्ण निधी आणि आपली नवी संगणक प्रणाली

अहवालाच्या जमाखर्चात यंदा 'संगणक प्रणाली : विकसन व देखभाल' असे एक नवे शीर्ष आपणांस आढळेल. रुग्णालयांसाठी तयार सॉफ्टवेअर बाजारात मिळत असताना विश्वस्त मंडळाने स्वतंत्र प्रणाली का बनवून घेतली, आणि हाच पैसा औषधोपचारांवर खर्च केला असता तर अधिक बरे झाले नसते का, अशी विचारणा काही देणगीदारांनी केली. विचारणा रास्त आहे. धर्मादाय पैशातील प्रत्येक रुपयाचा जाब द्यावाच लागतो. संगणक समितीचे काम माझ्याकडे असल्याने तो जाब देण्यासाठी हा लेखनप्रपंच. मी संगणकतज्ज्ञ नाही. माझी हयात भोसरीच्या टूलरूममध्ये डाय आणि फिक्स्चर बनविण्यात गेली. त्यामुळे काही दाखले त्या धंद्यातील येतील, ते वाचकांनी गोड मानून घ्यावेत.

प्रथम ज्या कामासाठी ही प्रणाली उभारली त्या कामाविषयी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांवर उपचार करण्याचे दायित्व स्वीकारलेले असते. ते प्रत्यक्षात कसे पार पाडावयाचे याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने रिट याचिका क्रमांक ३१३२/२००४ मध्ये १७ ऑगस्ट २००६ रोजी दिलेल्या आदेशाने निश्चित झाली. कार्यरत खाटांपैकी दहा टक्के निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या. याखेरीज इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात जमा करावयाची. कोणाचे देयक साठ हजार रुपये झाले, तर त्यातील बाराशे रुपये या खात्याकडे जातात. निर्धन रुग्णाच्या उपचारांचा खर्च या निधीतून वळता होतो, आणि औषधे, साहित्य, हाडात बसवावयाच्या पट्ट्या व सळ्या यांची किंमत खरेदीदरानेच धरावी लागते. दुर्बल घटकातील रुग्णाने औषधे व साहित्याच्या खर्चाचा किमान निम्मा भाग स्वतः सोसावयाचा असतो. तातडीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावयाचे, हेही त्याच योजनेत आहे.

योजना कागदावर स्वच्छ आहे. आमच्याकडे अडचण होती ती वेळेची.

चाकणच्या एखाद्या प्रेसशॉपमध्ये रात्रपाळीला कामगाराची बोटे सापडतात. ठेकेदाराचा सुपरवायझर त्याला पहाटे दोन वाजता घेऊन येतो आणि नाव सांगून निघून जातो. कामगार मूळचा लातूरकडचा किंवा बिहारमधला. शिधापत्रिका गावी, उत्पन्नाचा दाखला कधी काढलेलाच नाही. सकाळी भाऊ येतो, कोणाकडून तरी व्याजाने पैसे उभे करतो आणि खिडकीवर भरतो. समाजसेवा विभागाकडे दाखल रुग्णांची यादी जाते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. वैद्यकीय समाजसेविका वॉर्डात पोहोचते, कागदपत्रे मागते, ती येईपर्यंत रुग्ण घरी जावयास निघालेला असतो. वर्षअखेरीस लेखापरीक्षकांच्या तक्त्यात निधीची काही रक्कम शिल्लक दिसते. निधीत पैसे होते, रुग्ण पात्र होता, आणि एकाच छताखाली राहून दोघांची गाठ पडली नाही. असे प्रसंग आमच्या इस्पितळात घडले आहेत, हे येथे मान्य केलेले बरे.

पूर्वीची व्यवस्था तीन ठिकाणी विभागलेली होती. नोंदणी आणि देयके एका तयार सॉफ्टवेअरमध्ये, समाजसेवा विभागाची नोंदवही हाताने लिहिलेली, आणि निधीचे खाते लेखा विभागाच्या संगणकात. तिन्ही एकमेकांशी जुळत ती महिनाअखेरीस, कोणीतरी बसून जुळविली म्हणजे. नव्या प्रणालीचा मूळ हेतू एवढाच होता, की रुग्ण पात्र असू शकतो ही शंका पहिल्या तासात कोणाच्या तरी नजरेस यावी.

येथे वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीत सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसविलेले असे. वेब ॲप्लिकेशनमध्ये सर्व माहिती आणि तिच्यावर काम करणारी आज्ञावली एका मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. बाकीचे संगणक संकेतस्थळ उघडावे तसे ब्राउझरमधून तिच्यापाशी जातात. अपघात विभागात लिहिलेली नोंद त्याच क्षणी औषधालयात, देयक खिडकीवर आणि समाजसेविकेच्या टेबलावर दिसते, कारण नोंद एकच असते आणि सारे तिच्याकडेच पाहत असतात. जुने संगणक बदलावे लागत नाहीत, हा आणखी एक लाभ.

तयार सॉफ्टवेअर का नाही, याचे उत्तर असे की ते आम्ही काढून टाकलेले नाही. रक्ततपासणी, औषधसाठा, देयके ही कामे सर्व रुग्णालयांत जवळपास सारखीच चालतात. त्यांसाठी नवे काही घडविणे म्हणजे बाजारात नट-बोल्ट मिळत असताना लेथवर ते काढीत बसण्यासारखे. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-हॉस्पिटल' आणि सी-डॅकची 'ई-सुश्रुत' या प्रणाली आहेत, त्यांचीही माहिती समितीने घेतली. निर्धन रुग्ण निधीचे काम मात्र महाराष्ट्राच्या कायद्यातून आणि आपल्या भागातील रुग्णांच्या परिस्थितीतून आकाराला आलेले आहे. तेवढाच भाग आम्ही स्वतंत्र बनवून घेतला आणि तो जुन्या देयक-सॉफ्टवेअरशी जोडला.

फिक्स्चर बनविण्यापूर्वी टूलरूमचा माणूस ग्राहकाच्या मशीनपाशी जाऊन उभा राहतो. ऑपरेटर जॉब कोणत्या हाताने उचलतो, चिप कोठे साचते, हे तो पाहतो. ग्राहकाचा मालक कार्यालयात जे सांगतो आणि शॉपफ्लोअरवर जे घडते यांत बहुधा अंतर असते. म्हणून समितीने प्रणाली बनविणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांना पहिले काही आठवडे एक ओळही लिहू नका असे सांगितले. त्यांनी अपघात विभागाच्या खिडकीमागे रात्री काढल्या. संपूर्ण कामात या आठवड्यांइतका पैसा वसूल करून देणारा दुसरा काळ नव्हता, असे माझे मत आहे. विश्वस्त मंडळात त्या वेळी यावरून कुरबूर झाली होती, हेही नमूद करतो.

त्यांना तेथे काय दिसले? जुन्या सॉफ्टवेअरच्या नोंदणीपत्रात काही रकान्यांपुढे तारांकन होते. तारांकित रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. भ्रमणध्वनी क्रमांक, जन्मतारीख, ओळखपत्र आणि अनामत पावती हे रकाने तारांकित होते. पुणे–नाशिक महामार्गावरून किंवा तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावरून बेशुद्धावस्थेत आणलेल्या माणसाचे यांतील काहीच माहीत नसते. मग खिडकीवरचा लिपिक काय करी? भ्रमणध्वनीच्या जागी नऊचा आकडा दहा वेळा दाबी, जन्मतारीख १ जानेवारी लिही. या युक्तीने रुग्ण आत जाई, पण त्या क्रमांकावर शोध घेतला की एकमेकांशी संबंध नसलेले अनेक रुग्ण एकाच क्रमांकाखाली सापडत. अनामतीच्या रकान्याला अशी युक्ती नव्हती. तेथे पर्यवेक्षकाला उठवावे लागे, आणि तो येईपर्यंत नातेवाइकांना एकच वाक्य ऐकू येई : "संगणक घेत नाही."

सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवले आहे, की जखमी माणसाचा जीव वाचविणे आधी, पोलिसी व कायदेशीर सोपस्कार मागाहून. उच्च न्यायालयाची २००६ ची योजनाही अनामतीबद्दल तेच सांगते. आणि आमच्या खिडकीवर, कोणाच्याही मनात वाईट नसताना, एक तारांकन दोन्ही न्यायालयांच्या आड उभे होते. ते तेथे कोणी आणि का घातले, याचा शोध लागला नाही. तयार सॉफ्टवेअरबरोबर ते आले असावे.

नव्या प्रणालीची आखणी या अनुभवातून झाली. प्रत्येक तारांकनावर समितीच्या बैठकीत चर्चा झाली, आणि अपघात विभागाच्या नोंदणीपत्रावर शेवटी एकच अट राहिली : रुग्ण आल्याची वेळ. तीही प्रणाली स्वतःच घालते. नाव माहीत नसेल तर तात्पुरता क्रमांक मिळतो आणि नाव कळल्यावर ते त्या क्रमांकास जोडले जाते. आधार क्रमांकाचा रकाना आहे, पण तो रिकामा राहू शकतो. अनामतीचा रकाना अपघात विभागाच्या पानावरून काढूनच टाकला. लेखा विभागाची यास हरकत होती. वसुली बुडेल ही त्यांची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून अपुऱ्या नोंदींची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप निघते आणि ती पुरी करण्याची जबाबदारी नोंदणी विभागावर असते.

नावांचा प्रश्न आम्हाला वाटला त्याहून बिकट निघाला. एकच माणूस इंग्रजी लिपीत तीन लिपिकांकडून तीन प्रकारे लिहिला जातो. पवार हे साधे आडनाव घ्या, त्याची स्पेलिंगे जुन्या माहितीत निरनिराळी होती. परप्रांतीय कामगारांच्या नावांत तर वडिलांचे नाव कधी येते, कधी नाही. परिणामी एकाच रुग्णाची अनेक खाती निर्माण होत आणि मागील वेळची पात्रता पडताळणी नव्याने करावी लागे. आता नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत ठेवले जाते, आणि शोध उच्चाराच्या जवळपणावर घेतला जातो. सूर्यवंशी आणि सुर्यवंशी एकत्र समोर येतात. दोघे एकच आहेत की नाहीत हे माणूस ठरवितो. ठेकेदार बदलला की कामगाराचा भ्रमणध्वनीही अनेकदा बदलतो, म्हणून क्रमांकापुढे 'कोणाचा' असा लहानसा रकाना आहे. हा रकाना समाजसेविकेने सुचविला. अभियंत्यांना तो प्रथम निरर्थक वाटला होता.

रुग्ण दाखल होताच समाजसेवा विभागाच्या पटलावर त्याची ओळ उमटते. तिच्यापुढे तीन वाटा तपासावयाच्या असतात. कामगार राज्य विमा योजनेत तो येतो का? २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. कंत्राटी कामगारांपैकी बऱ्याच जणांची वर्गणी पगारातून कापली जाते आणि त्यांना स्वतःचा विमा क्रमांक ठाऊक नसतो. दुसरी वाट राज्य शासनाच्या जन आरोग्य योजनेची. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिसरी वाट निर्धन रुग्ण निधीची. प्रणाली स्वतः कोणालाही पात्र किंवा अपात्र ठरवीत नाही. कोणती वाट अजून तपासलेली नाही एवढेच ती दाखविते, आणि चोवीस तासांत तिन्ही तपासल्या गेल्या नाहीत तर ओळ लाल होते व अधीक्षकांकडे जाते.

निधीच्या योजनेतील उत्पन्नमर्यादा सुरुवातीपासून एकाहून अधिक वेळा वाढलेली आहे. असा आकडा आज्ञावलीच्या पोटात लिहून ठेवला, तर शासनाने तो बदलताच प्रणाली चुकीची ठरते आणि बनविणाऱ्याला पुन्हा बोलवावे लागते. आपल्या प्रणालीत तो एका तक्त्यात आहे, त्यापुढे 'केव्हापासून लागू' अशी तारीख आहे, आणि लेखा विभाग तो स्वतः बदलू शकतो. निधीच्या नोंदी मात्र कोणालाही खोडता येत नाहीत. चूक झाली तर उलट नोंद घालावी लागते, जशी जुन्या रोजकीर्दीत घातली जाई.

आता मालकीचा मुद्दा. आमच्या धंद्यात डाय पुरवठादाराच्या शेडमध्ये पडून असली तरी तिचे पैसे ज्या ग्राहकाने मोजले त्याचीच ती असते. तिच्यावर त्याचे नाव कोरलेले असते आणि त्याने मागितली की ती टेम्पोत घालून द्यावी लागते. संगणकाच्या व्यवहारात हा साधा नियम लोक विसरतात. आपल्या रुग्णालयानेही काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून एक सॉफ्टवेअर घेतले होते. त्याने व्यवसाय बंद केला आणि आतील नोंदी वाचता येण्याजोग्या स्वरूपात बाहेर काढणे आम्हास जमले नाही. मोठ्या संस्थांनाही अशी झळ लागते. जुलै २०२२ मध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालू असलेली 'एच.एम.आय.एस.' प्रणाली थांबली, तेव्हा तेथील कामकाज पुन्हा हातलिखित कागदांवर आले. यावरून बोध घेऊन या वेळच्या करारात मूळ आज्ञावली, तिचे टिपण आणि सर्व नोंदी न्यासाच्या मालकीच्या राहतील असे लिहून घेतले, आणि अंतिम हप्ता एका अटीला बांधला. प्रणाली न बनविलेल्या एका तिऱ्हाईत अभियंत्याने केवळ टिपण वाचून ती दुसऱ्या संगणकावर उभी करून दाखवावयाची. पहिल्या खेपेस ती उभी राहिली नाही. टिपण सुधारावे लागले आणि हप्ता तेवढे दिवस थांबला.

चाचणीविषयी थोडेसेच सांगतो. कागद आणि संगणक दोन्ही एकाच वेळी चालवून रोज ताळा पाहिला. प्रारंभासाठी गुरुवार टाळला, कारण पिंपरी–भोसरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि बाह्यरुग्ण विभागात त्या दिवशी सर्वाधिक गर्दी होते. सर्व्हर रुग्णालयातच ठेवला आहे. रस्ता खोदताना जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली, हा या भागातील नित्याचा अनुभव. बाहेरचा संपर्क तुटला तरी आतील जाळे चालू राहावे हा हेतू. नोंदींची प्रत रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जाते आणि दर तिमाहीस ती प्रत खरोखर उघडून पाहिली जाते. प्रत घेतली जाते म्हणून ती उघडेलच, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

देणगीदारांपैकी काहींची इच्छा असते, की आपल्या देणगीतून कोणावर उपचार झाले त्यांची नावे कळावीत. भावना समजण्यासारखी आहे. तथापि रुग्णाचे नाव, त्याचा आजार आणि त्याचे दारिद्र्य या तिन्ही गोष्टी एकत्र तिऱ्हाइतास सांगणे उचित नाही, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे अशा माहितीची जबाबदारी अधिकच वाढली आहे. म्हणून देणगीदारांना कोणत्या विभागात, कोणत्या प्रकारच्या उपचारासाठी, किती रक्कम खर्च झाली एवढे कळविले जाईल. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाही त्यांच्या कामापुरतीच माहिती दिसते, आणि कोणी कोणती नोंद केव्हा उघडली याची खूण राहते. अशा प्रकारे उघडलेल्या एका नोंदीबद्दल यंदा खुलासा मागवावा लागला.

खर्चाचे आकडे जमाखर्चात दिले आहेतच. त्यांतील देखभालीचा आकडा दरवर्षी येत राहील, हे विश्वस्तांनी आताच ध्यानी घ्यावे. डाय एकदा बनविली की तिला धार लावणे आलेच. यंत्रसामग्रीसाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात, त्यावर नावाची पाटी लावता येते. देखभालीस पाटी नसते आणि म्हणून तिच्यासाठी हात आखडतो, असा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक विनंती. दाखल होताना शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला किंवा विमा क्रमांक यांपैकी काहीही जवळ नसले तरी खिडकीवर तसे स्पष्ट सांगावे आणि समाजसेविकेची भेट मागावी. व्याजाने पैसे काढण्यापूर्वी मागावी. तळमजल्यावर अपघात विभागाशेजारी त्यांची खोली आहे, आणि रात्रीच्या वेळी कर्तव्यावरील परिचारिका त्यांना दूरध्वनी करते.

अपघात विभागातील कागदी नोंदवही बंद करावी असा प्रस्ताव समितीपुढे दोनदा आला आणि दोन्ही वेळा तेथील परिचारिकांनी त्यास विरोध केला. वही आहे तेथेच आहे. दररोज सकाळी आठ वाजता तिच्यातील रात्रीच्या नोंदी प्रणालीतील नोंदींशी ताडून पाहिल्या जातात, आणि एखादे नाव वहीत असून प्रणालीत नसेल तर ते समाजसेवा विभागाच्या फळ्यावर खडूने लिहिले जाते.